गावाचं थ्रीडी मॉडेल घ्यायचं का? आधी मोरीचा तळ मोजून घ्या

उपसरपंचांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्धा जिल्ह्यात समृद्धी महामार्गाजवळचं सहा-सात हजार वस्तीचं गाव. गावाला लागून गेल्या काही वर्षांत दोन ले-आऊट पडले, मिळून बारा-एक हेक्टरचे. पावसाळ्यात गुजरीत (बाजाराच्या जागेत) आणि खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरतं, पूर्वी एवढं शिरत नव्हतं. गावाच्या रस्त्याखाली ९०० मिलिमीटरचे दोन पाइप टाकलेली मोरी आहे, सगळं पाणी तिथूनच नाल्यात जातं. एका एजन्सीने ग्रामसभेत पडद्यावर गावाचं त्रिमितीय मॉडेल गरागरा फिरवून दाखवलं आणि ‘डिजिटल ट्विन’ (गावाची संगणकातली जुळी प्रतिकृती) म्हणून त्याचे बारा लाख सांगितले. ते घ्यावं, की फुकटच्या सॉफ्टवेअरवर गावातल्या शिकलेल्या पोरांकडून करून घ्यावं?

भाऊ, बारा लाखांचं आत्ता घेऊ नका. पण “फुकटच्या सॉफ्टवेअरवर करा” एवढं सांगूनही मी मोकळा होणार नाही, कारण अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, आणि त्यासाठी पंचायतीने काय बांधायचं किंवा कुणाला काय बांधू द्यायचं नाही, हे तुम्हाला ठरवायचं आहे. मी बरीच वर्षं नागपुरात आणि विदर्भातल्या लहान गावांत नकाशे, नाल्या आणि विकास आराखडे यांचंच काम करतो. मॉडेलचा खरा उपयोग मी तिथेच पाहिला, जिथे कुठला निर्णय घ्यायचा आहे हे लोकांना आधीच ठाऊक होतं आणि त्यासाठी कुठलं माप कमी पडतंय तेही ठाऊक होतं.

तुम्हाला दाखवलं ते ड्रोनच्या एका उड्डाणातलं चित्र आहे. घरांची छपरं, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, सगळं छान दिसतं. सिंगापूरने २०१४ मध्ये अख्ख्या देशाचं असं मॉडेल हाती घेतलं तेव्हा त्यावर ७ कोटींहून जास्त सिंगापूर डॉलर लावले, आणि ते अद्ययावत ठेवायला सरकारी खाती मागे उभी आहेत. आपल्याकडे स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं, १०० शहरं निवडली गेली, त्यात नागपूर आलं, आणि ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलं. यादीत असलेल्या त्याच नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शहराला नावं ठेवायला हे सांगत नाही. पडद्यावरचं शहर कितीही देखणं असलं तरी पाणी नाल्याच्या खऱ्या रुंदीनेच जातं, एवढंच त्यातून घ्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण हे वाचून भंडाऱ्याचा कुणी हेच जसंच्या तसं करायला जाईल. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, गावाच्या वरच्या अंगाला मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, असतात. तिथे पाण्याचं गणित तलावाच्या सांडव्यापासून सुरू होतं, आणि सांडव्याची पातळी मोजल्याशिवाय बाकी काहीही मोजणं व्यर्थ. वैनगंगा-प्राणहितेच्या काठी नदीचा फुगवटा मागे येतो, तिथे गावातली नाली कितीही मोठी केली तरी नदी उतरेपर्यंत पाणी हलत नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात जमीन इतकी सपाट आहे की अर्ध्या फुटाच्या उंचवट्याने पाण्याची दिशा बदलते. तुमचं गाव वर्धेचं, काळ्या मातीचं, सौम्य उताराचं, आणि जवळ नवा उंच भराव असलेलं. मी पुढे जे लिहितो ते अशा गावासाठी आहे.

सॉफ्टवेअरच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. नाल्या-मोऱ्यांसाठी इंजिनिअर वापरतात ते सगळ्यात साधं सूत्र: जिथून पाणी मोरीकडे उतरतं ते क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाचा जोर तासाला मिलिमीटरमध्ये आणि जमिनीवरून किती हिस्सा वाहून येतो तो गुणांक, या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. उत्तर सेकंदाला घनमीटर. तुमच्या मोरीकडे समजा ४० हेक्टरचं पाणी येतं. सगळं शेत होतं तेव्हा गुणांक ०.३ आणि जोर तासाला ६० मिलिमीटर धरला तर येतात २ घनमीटर. ९०० मिलिमीटरचा एक सिमेंट पाइप, उतार ३०० ला १ असेल आणि आत गाळ नसेल, तर पूर्ण भरून साधारण १ घनमीटर वाहून नेतो. दोन पाइपचे झाले दोन. म्हणजे ज्याने ती मोरी बांधली त्याने काही वाईट बांधली नव्हती.

आता ४० पैकी १२ हेक्टरवर ले-आऊट आले. छपरं, सिमेंट रस्ते, फरशा घातलेली अंगणं. तेवढ्या भागाचा गुणांक ०.७ धरा, उरलेल्याचा ०.३ च ठेवा. सरासरी येते ०.४२, आणि पाणी २.८ घनमीटर. बहुतेक जण इथे थांबतात, पण अर्धी गोष्ट अजून बाकी आहे. शेतातून, बांधाबांधावर अडत येणारं पाणी मोरीपर्यंत यायला वेळ लागायचा. सिमेंटच्या रस्त्यावरून ते धावत येतं. पोहोचायचा वेळ कमी झाला की थोड्या मिनिटांचा जोरदार पाऊस हिशोबात धरावा लागतो, आणि थोड्या मिनिटांचा जोर नेहमीच जास्त असतो. ६० च्या जागी ८० धरा: ३.७ घनमीटर. मोरी दोनचीच. उरलेलं पावणेदोन घनमीटर दर सेकंदाला कुठे जातं, ते तुमच्या गुजरीतल्या भाजीवाल्या बायांना विचारा.

हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. पण बारा लाखांच्या मॉडेलने याच गणिताचं उत्तर द्यायला हवं होतं. ग्रामसभेत त्यांनी मोरी किती पाणी नेते हे दाखवलं का? तुमच्या वर्णनात मोरीचा उल्लेख तुम्ही केलाय, एजन्सीने नाही.

उंचीच्या माहितीकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे. फुकट मिळणारी जमिनीच्या उंचीची सगळ्यात प्रचलित माहिती अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतली. ३० मीटरच्या चौकोनाला उंचीचा एक आकडा, आणि त्या आकड्यात काही मीटरची चूक असू शकते. खोऱ्याचा ढोबळ आकार, नाला कुठल्या नदीला मिळतो, हे पाहायला ती उत्तम. पण तुमच्या अख्ख्या गावाचा चढ-उतारच पाच-सहा मीटरचा असेल. चूक आणि चढ एकाच मापाचे झाले. शिवाय २००० साली समृद्धी नव्हता. त्या माहितीवर कुणी पुराचं मॉडेल केलं तर महामार्गाच्या भरावातून पाणी आरपार निघून जाताना दिसेल. मी अशी रंगीत पूररेषा छापून, लॅमिनेट करून भिंतीवर लावलेली पाहिली आहे.

ड्रोनने नवी उंची घेतली की उलटा घोळ होतो. भराव दिसतो, पण त्याखालची मोरी वरून दिसत नाही. सॉफ्टवेअरला तो भराव धरणासारखा वाटतो आणि अर्धं शिवार तळं झालेलं दिसतं. म्हणून प्रत्येक मोरी, प्रत्येक पुलिया, प्रत्येक रपटा (पुरात वरून पाणी जाऊ देणारा ठेंगणा पूल) जागेवर जाऊन मोजावा लागतो: रुंदी, उंची, दोन्ही तोंडांच्या तळाची पातळी, आत गाळ किती. मग मॉडेलमध्ये तिथे हाताने वाट करून द्यावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा व्हिडिओ निघत नाही, म्हणून ते कुणी विकत नाही.

ड्रोन उडवायचा झालाच तर मार्च-एप्रिलमध्ये. तूर निघालेली असते, पराट्या (कपाशीच्या काड्या) उपटलेल्या असतात, गहू-हरभरा उचललेला असतो, जमीन उघडी असते. सप्टेंबरात उडवलात तर ड्रोन कपाशीच्या शेंड्याची उंची मोजेल. नाल्याचा तळ मात्र एप्रिलमध्येही दिसणार नाही, कारण त्यात बेशरमाची झुडपं माजलेली असतात. तिथे डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि पट्टीच हवी. आणि एजन्सीला जमिनीवरचे नियंत्रण बिंदू किती ठेवले ते विचारा, म्हणजे ज्यांची जागा आणि उंची वेगळ्या उपकरणाने पक्की मोजली आहे असे बिंदू. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत विदर्भात ५० मीटरच्या वर फरक पडतो. पण ५० मीटरची चूक कुणालाही दिसते, ती लगेच दुरुस्त होते. ४० सेंटिमीटरची दिसत नाही. ३०० ला १ उतारावर ४० सेंटिमीटर म्हणजे १२० मीटर लांबीच्या नालीचा सगळा उतार. तेवढी चूक असेल तर मॉडेल सांगेल पाणी पूर्वेला जातं, आणि ते जात असेल पश्चिमेला.

मातीचं एक सांगून पुढे जातो. परदेशी पुस्तकातले गुणांक आपल्या काळ्या मातीला सरसकट लावता येत नाहीत. जूनमध्ये तिला भेगा असतात, पहिला पाऊस ती गिळून टाकते. जुलैच्या मध्यापर्यंत ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी मुरायचं जवळजवळ थांबतं. वाहून येणारं पाणी काढायची एक प्रचलित पद्धत आहे, तिच्यात जमिनीला शंभरपैकी एक अंक देतात. अंक ८० धरला तर १०० मिलिमीटर पावसातले सुमारे ५० मिलिमीटर वाहतात. ओल्या मातीसाठी ९० धरला तर ७३. पाऊस तोच, शेत तेच, महिना वेगळा. त्यामुळे कुणी मॉडेल दाखवलं की मी विचारतो, हा जूनचा पाऊस आहे की ऑगस्टचा? उत्तर येत नसेल तर चहा पिऊन निघतो.

पावसाचंही तसंच. तलाठ्याकडून मिळणारा आकडा २४ तासांचा. ६५ मिलिमीटर झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, पीक नुकसानीसाठी ते ठीक आहे. पण ६५ मिलिमीटर रात्रभर रिपरिपत पडला तर तुमच्या नालीला काही होत नाही, आणि चाळीस मिनिटांत पडला तर गुजरी बुडते. महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत; तुमच्या मंडळाची थोड्या-थोड्या मिनिटांची नोंद कृषी खात्यामार्फत मागा. ती नाही मिळाली तर शाळेच्या गच्चीवर साधं पर्जन्यमापक ठेवा आणि पावसात दर पंधरा मिनिटांनी वाचायला दोन पोरं तयार करा. मी हे गंमत म्हणून म्हणत नाही.

आता सॉफ्टवेअर. नकाशा आणि थर एकावर एक ठेवायला क्यूजीआयएस, फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरतं. नाल्याचं पाणी किती पसरेल ते पाहायला हेक-रास, अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी केलेलं, तेही फुकट. गावातल्या नाल्या आणि पाइपांच्या जाळ्यासाठी स्वम, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, १९७१ पासून चालत आलेलं. याच क्रमाने शिकावं. पहिलं शिकायला पोरांना काही आठवडे लागतील. बाकीची दोन चालवायला जलशास्त्राची समज हवी, नुसतं बटण दाबता येऊन भागत नाही. हेक-रास चुकीच्या आकड्यांवरही तितकंच सुंदर निळं पाणी दाखवतं. त्यासाठी जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या सिव्हिल विभागाकडे जा. उन्नत भारत अभियानात तंत्रशिक्षण संस्था गावं दत्तक घेतात, विद्यार्थ्यांना प्रकल्पाला खरं गाव हवंच असतं. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपुरातच आहे. गावाची सीमा, नाल्यांचे थर, उपग्रहाची चित्रं यांसाठी त्यांना पंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या.

मॉडेल तयार झालं की त्याची परीक्षा घ्यायची. मागच्या पुरात पाणी कुठल्या घराच्या भिंतीवर कुठपर्यंत चढलं त्या खुणा अजून असतील. त्यांची उंची त्याच लेव्हलने मोजा. मग त्या दिवसाचा पाऊस मॉडेलमध्ये घालून बघा. खुणेच्या आसपास पाणी आलं तर पुढचं बोलायचं. नाही आलं तर ते मॉडेल कुणाच्याही कामाचं नाही, मग ते बाराचं असो की फुकटचं.

आणि एक जुना नकाशा जरूर काढा. गावनकाशात तुमचा नाला आखलेला असेल. ले-आऊटवाल्याने तो सपाट करून त्यावर प्लॉट पाडले असतील तर तो फक्त तिथेच उरलाय. वर्धा जुन्या मध्यप्रांतातला जिल्हा, म्हणून तुमच्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मिळतील. आखर (गुरं गोळा करायची जागा), पांदण, तळं, गावाच्या वहिवाटीच्या जागा त्यात नोंदलेल्या असतात. ते घेऊन एखाद्या म्हाताऱ्या माणसासोबत शिवारात फिरा. एका गावात ड्रोनच्या चित्रात पूर्ण सपाट दिसणाऱ्या जागी असेच एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “अठी बंडी फसे,” म्हणजे इथे बैलगाडी रुतायची. तिथेच जुना ओहोळ होता, आणि तिथेच नवी अंगणवाडी बांधायचं घाटत होतं.

पण त्या जुन्या नकाशाला ड्रोनच्या चित्रावर बसवून अतिक्रमणं ठरवायला जाऊ नका. साखळीने मोजलेला नकाशा आजच्या चित्रावर बसवताना काही मीटर इकडे-तिकडे होतोच, आणि तेवढ्यात दोन भावांचं घर-अंगण बदलतं. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेखचा. नदीची निळी आणि लाल रेषा, म्हणजे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, जलसंपदा खात्याची. तुमचं मॉडेल त्यांच्यापुढे ठेवायचा पुरावा आहे, निकाल नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाचं ड्रोन सर्वेक्षण झालं असेल तर ते चित्र भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून मागून घ्या, पायाभूत नकाशा आयता मिळेल. मात्र ते मालमत्तेच्या हद्दींसाठी केलेलं आहे आणि गावठाणापुरतं आहे. तुमचं दुखणं गावठाणाबाहेरच्या ले-आऊटांत सुरू होतं, तेवढं स्वतः मोजावं लागेल.

ले-आऊटची मंजुरी पंचायतीच्या हातात नसते हे मला माहीत आहे, ती जिल्हाधिकारी आणि नगररचनेकडे. पण मंजूर नकाशाची प्रत मागायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. त्यात दोन गोष्टी बघा: नाल्याची रेषा ठेवली आहे का, आणि ओपन स्पेस कुठे आहे. ०.४ हेक्टर किंवा जास्त क्षेत्राच्या ले-आऊटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमच्या १२ हेक्टरमध्ये ती १२ हजार चौरस मीटर व्हायला हवी. वरच्या गणितातलं जादा पाणी, सेकंदाला १.७ घनमीटर, अर्धा तास साठवायचं म्हटलं तर तीन हजार घनमीटर. त्या सगळ्या मोकळ्या जागेवर पसरलं तर वीतभराहून जरा जास्त खोली. ओपन स्पेस बहुधा न विकला जाणारा खोलगट तुकडाच असतो. तो थोडा खोल करून, कडेने बांध घालून, तोंडाशी लहान पाइप ठेवला तर पोरं आठ महिने तिथे क्रिकेट खेळतील आणि जोराच्या पावसात काही तास पाणी थांबेल. हे जमलं तर रस्ता फोडून तिसरा-चौथा पाइप टाकायची गरज कदाचित पडणार नाही. हे बघायला मात्र मॉडेल हवं, आणि इथे मी त्याच्या बाजूने आहे: किती खोल केलं तर मोरीवरचा ताण किती उतरतो, हे स्वममध्ये एका संध्याकाळी दहा प्रकारे तपासता येतं.

एजन्सीशी बोलणं तोडू नका. त्यांना सांगा, फिरणारं मॉडेल नको, मोजणी हवी. उघड्या जमिनीची उंची, नियंत्रण बिंदूंचा तक्ता, सगळ्या मोऱ्यांचे तळ, नाल्याचे दर पन्नास मीटरवर आडवे छेद, आणि सगळा कच्चा डेटा जिओटिफ आणि शेपफाइलमध्ये (कुठल्याही नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइलींत) पंचायतीच्या नावावर. त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघायचं असेल तर नको. वर्गणी भरायची विसरलात की गाव गायब. एवढ्याच कामाचा भाव वेगळा मागा आणि दुसऱ्या दोघांकडूनही मागवा. निधी वित्त आयोगाच्या बंधित (ठराविक कामांसाठीच राखलेल्या) हिश्शातून बसतो का ते ग्रामसेवक आणि पंचायत समितीकडे आराखडा करतानाच विचारून घ्या.

बाकी चर्चा पुढे न्यायला मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. मोरीच्या दोन्ही तोंडांच्या तळांमधला उंचीचा फरक, पाइपात आत्ता किती इंच गाळ आहे, आणि पाणी शिरलं त्या दिवशी ते नाल्याच्या बाजूने मागे आलं की ले-आऊटच्या बाजूने उतरलं. तिसरं उत्तर गुजरीत विचारून संध्याकाळपर्यंत मिळेल. नाल्याकडून आलं असेल तर वरचं बरंच गणित बाजूला ठेवून आपल्याला खालच्या रपट्यापासून सुरुवात करावी लागेल.